८०७ : स्वस्त बाटली आणि तिच्याभोवतीचा महागडा संसार

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर गेले, तर ताडपत्रीवर मांडलेल्या गंजक्या पान्यांच्या, तुटक्या मीटरांच्या आणि मोटारींच्या दिव्यांच्या ढिगात अजूनही एखादा प्रक्षेपणाचा व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओ लहरींची शक्ती वाढवणारी काचेची निर्वात नळी, सापडतो. मला दोन सापडले. विक्रेत्याने त्यांना व्हॉल्व्ह म्हटलेच नाही. "साहेब, ह्या दोन बाटल्या घेऊन टाका, मिलिटरीच्या आहेत," असे म्हणून त्याने त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि थोडी घासाघीस झाल्यावर दोन्हींचे मिळून ९०० रुपये घेतले. काचेवर पुसट झालेला आकडा घरी येऊन दिव्यासमोर तिरपा धरून वाचला, तेव्हा ८०७ ही अक्षरे उमटली. पुढचे चार महिने त्या दोन बाटल्यांभोवती मोर्सच्या टिंब-रेघा पाठवणारा एक रेडिओ प्रक्षेपक बांधण्यात गेले. हे परीक्षण त्या व्हॉल्व्हचे आहे, पण खरे सांगायचे तर व्हॉल्व्हपेक्षा त्याच्याभोवती जे उभे करावे लागते त्याचेच अधिक आहे, कारण खर्च, श्रम आणि मनस्ताप हे सगळे तिथेच असते.

ज्यांना हा व्हॉल्व्ह ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९३६ साली ६एल६ नावाचा बीम पॉवर व्हॉल्व्ह काढला, जो पुढे ध्वनिवर्धकांत घरोघरी पोचला. ८०७ हा त्याचाच प्रक्षेपणासाठी घडवलेला भाऊ होय. आतली रचना बरीचशी तीच, पण प्लेटची (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पत्र्याची) जोडणी खालच्या पिनांमधून न काढता काचेच्या डोक्यावरच्या धातूच्या टोपीतून काढलेली, त्यामुळे विजेचा उच्च दाब बाकीच्या पिनांपासून दूर राहतो आणि प्लेट व ग्रिड (प्रवाहावर ताबा ठेवणारी जाळी) यांच्यातली धारिता ०.२ पिकोफॅरडच्या आत राहते. बूड पाच पिनांचे आहे. हीटरला, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडला तापवणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्टवर ०.९ अँपिअर लागतात. सतत वापरासाठी प्लेटवर ६०० व्होल्ट आणि २५ वॅट उष्णता एवढी त्याची अधिकृत मर्यादा असून हौशी लोकांच्या थांबत-थांबत होणाऱ्या वापरासाठी कंपनीनेच ती ७५० व्होल्ट आणि ३० वॅटपर्यंत वाढवून दिली होती. पूर्ण क्षमतेने हा व्हॉल्व्ह ६० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो, म्हणजे आपल्या सर्व लघुलहरींच्या पट्ट्यांसाठी तो पुरून उरतो.

दुसऱ्या महायुद्धात तो इतक्या ठिकाणी वापरला गेला की त्याला नावेही तितकीच पडली. अमेरिकी सैन्याच्या कागदांत तो व्हीटी-१००, ब्रिटिशांकडे सीव्ही१२४. रशियनांनीही त्याची हुबेहूब नक्कल काढली आणि त्यांच्या लिपीतला 'ग' लावून पुढे ८०७ हाच आकडा ठेवला. बारा व्होल्टच्या हीटरचा आणि सात पिनांचा त्याचा जुळा १६२५ या क्रमांकाने विमानांतल्या संचांत बसत असे. युद्धानंतर सैन्याचा हा माल जगभर भंगाराच्या भावाने बाहेर आला आणि एका पिढीच्या हॅम मंडळींनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, आपले पहिले प्रक्षेपक त्यावरच बांधले. इंग्रजी बोलणाऱ्या हॅम लोकांच्या बोलीत '८०७' म्हणजे बिअरची बाटली असाही अर्थ रूढ झाला, कारण काचेचा आकार तसाच आहे. जुन्या बाजारातल्या आमच्या विक्रेत्याला हे माहीत असण्याचे काही कारण नव्हते, पण शब्द त्याने अगदी बरोबर वापरला होता.

विकत घेताना काय पाहावे, हे आधी सांगतो. काचेच्या आत चांदीसारखा चकचकीत लेप असतो, त्याला गेटर म्हणतात. आत उरलेला वायू शोषून घेणे हे त्याचे काम. हा लेप दुधासारखा पांढरा दिसला, तर काचेतून हवा शिरली आहे आणि बाटली केवळ कपाटात शोभेला ठेवण्याच्या लायकीची आहे असे समजावे. त्यानंतर मल्टिमीटरने हीटरच्या दोन पिनांमधला रोध मोजावा. थंड असताना तो एक ओहमच्या आसपास येतो, पण त्यावरून घाबरू नये, कारण तापल्यावर तो सातपर्यंत चढतो. बाकीच्या कोणत्याही दोन पिनांमध्ये काहीही दाखवता कामा नये. डोक्यावरची टोपी हलक्या हाताने फिरवून पाहावी. ती सैल असेल तर चिकटवता येते, पण आतली तार तुटली असेल तर उपाय नाही. माझ्या दोन्ही बाटल्या या परीक्षेत उतरल्या. बाजारात उभे राहून मल्टिमीटर काढल्यावर विक्रेता थोडा नाराज झाला, हेही नमूद करतो.

तिसरा व्हॉल्व्ह मी राखीव म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला. त्याचे नाव इथे देत नाही. 'न वापरलेला जुना साठा' असे वर्णन, पुठ्ठ्याची मूळ खोकी दिसणारे सुंदर छायाचित्र आणि किंमत १,८०० रुपये. हातात आलेल्या व्हॉल्व्हच्या पिनांवर सॉकेटमध्ये घातल्या-काढल्याचे उभे ओरखडे स्पष्ट होते आणि टोपीवर जुन्या क्लिपचा काळा व्रण होता. तो चालतो, एवढे मान्य करायला हवे, पण त्याची शक्ती बाजारातल्या बाटल्यांपेक्षा सुमारे पंचमांशाने कमी भरते. तक्रार केल्यावर "व्हिंटेज माल आहे, सर" एवढेच उत्तर आले. डोळ्यांनी पाहून, मीटर लावून घेतलेला नऊशेचा जोड हा छायाचित्र पाहून घेतलेल्या अठराशेच्या एका व्हॉल्व्हपेक्षा सरस ठरला, तेव्हा या मालाची खरेदी शक्यतो समोरासमोर करावी, हे माझे पक्के मत झाले आहे.

दीर्घकाळ पडून असलेल्या व्हॉल्व्हला घरी आणल्याबरोबर उच्च दाब देऊ नये. मी तिन्हींना एक संपूर्ण दिवस केवळ हीटरवर ठेवले, म्हणजे आतले धातू तापून सुटलेला थोडाबहुत वायू गेटरला शोषायला वेळ मिळतो. रात्री खोलीतला दिवा मालवल्यावर त्या तीन नारिंगी फटी पाहत बसण्याचा मोह मला आवरला नाही. पुढे उच्च दाब दिल्यावर काचेच्या आतल्या कडेवर निळसर झाक दिसते. ती नवख्याला घाबरवते, पण निरुपद्रवी असते. तीच निळाई कॅथोड आणि प्लेट यांच्या मधल्या पोकळीत धुक्यासारखी दाटली, तर मात्र व्हॉल्व्हमध्ये वायू आहे.

प्रक्षेपकाची मांडणी जुनीच ठेवली : वारंवारता ठरवणाऱ्या स्फटिकावर चालणारा ६एजी७ हा आंदोलक (लहर निर्माण करणारा व्हॉल्व्ह), त्यापुढे ८०७ आणि त्यापुढे पाय-जाळे, म्हणजे ग्रीक 'पाय' (π) अक्षरासारखी मांडलेली, व्हॉल्व्ह आणि अँटेना यांचा मेळ घालणारी कॉइल व कंडेन्सरांची जोडणी. ८०७ चे सर्वात मोठे सुख असे की त्याला पूर्ण शक्तीसाठी ग्रिडवर पाव वॅटही लागत नाही. त्यामुळे मध्ये आणखी एक टप्पा घालण्याची गरज पडत नाही आणि आंदोलकावर ताण न आल्याने आजकालचे बारीक, धातूच्या डबीतले स्फटिकही त्यात टिकतात. युद्धकाळातल्या जाड स्फटिकांना जो प्रवाह सोसत असे तो या नाजूक डब्यांना सोसत नाही आणि आतली चकती तडकते. माझा ७.०३० मेगाहर्ट्झचा स्फटिक चार महिन्यांनंतरही शाबूत आहे. ६एजी७ मात्र संपूर्ण धातूचा व्हॉल्व्ह असल्याने तापला आहे की नाही हे दिसत नाही, आणि तो तापलेला असतो. माझ्या तर्जनीवर त्याची खूण पंधरा दिवस होती. तो मिळाला नाही तर नऊ पिनांचा ६सीएल६ जवळजवळ त्याच गुणांचा आहे.

आता खर्चिक भागाकडे येतो. ६०० व्होल्टचा पुरवठा आज बाजारात तयार मिळत नाही. पासोड्या विठोबाच्या बोळात सुट्या भागांची दुकाने पुष्कळ आहेत, पण तिथे चालणारा व्यवहार पाच आणि बारा व्होल्टचा. ४५०-०-४५० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर म्हटल्यावर दुकानदार कागदावर आकडा पुन्हा लिहून दाखवायला सांगतात. शेवटी ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यावा लागला. पहिल्या कारागिराने दिलेला ट्रान्सफॉर्मर बिनभाराचा असतानाच इतका गुणगुणत असे की मोर्सचे सूर ऐकण्याआधी त्याचाच सूर कानात बसावा, आणि अर्ध्या तासात त्यावर हात ठेववत नसे. त्याने तो बदलून दिला नाही. दुसऱ्या कारागिराने पत्रे अधिक घालून, वार्निश पाजून दिलेला साडेतीन किलोचा ट्रान्सफॉर्मर ४,५०० रुपयांना पडला, म्हणजे बाटल्यांच्या पाचपट. त्याच्याबद्दल मात्र एका शब्दाची तक्रार नाही.

एकदिशीकरणासाठी (एसीचे डीसी करण्यासाठी) १एन४००७ हे साधे डायोड वापरले, पण इथे एक फसगत होते. मधोमध जोड काढलेल्या वाइंडिंगच्या या मांडणीत प्रत्येक डायोडवर उलट दिशेने पूर्ण वाइंडिंगचा शिखरदाब येतो, म्हणजे जवळपास १,२७० व्होल्ट, आणि डायोडची सहनशक्ती १,००० व्होल्टची. म्हणून प्रत्येक बाजूला दोन-दोन एकामागोमाग लावावे लागतात. गाळणीसाठी ४५० व्होल्टचे, १०० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर एकामागोमाग आणि प्रत्येकावर १०० किलो-ओहमचा दोन वॅटचा रोध लावला. हे रोध दाबाची वाटणी समान ठेवतात आणि बंद केल्यावर कंडेन्सर रिकामेही करतात. आकडेमोड केली तर ६०० व्होल्ट खाली येऊन निरुपद्रवी व्हायला जवळजवळ एक मिनिट लागते. या मिनिटात आत हात घालणाऱ्या माणसाचे काय होईल, हे सौम्य शब्दांत सांगण्यासारखे नाही. मी संचाच्या पुढच्या पट्टीवर व्होल्टमीटर लावला आहे आणि त्याचा काटा शून्यावर टेकल्यानंतरही लाकडी दांड्याला बांधलेली जमिनीची तार प्रत्येक वेळी आधी टोपीला टेकवतो. बारा व्होल्टच्या जगात वाढलेल्या आजच्या हौशी माणसाने हे शिस्तीने शिकून मगच ८०७ हातात घ्यावा. घरात लहान मुले असतील, तर बंद जाळीच्या पेटीशिवाय तो बांधूच नये.

स्क्रीन ग्रिडला, म्हणजे पहिल्या ग्रिडच्या पुढच्या दुसऱ्या जाळीला, २५० व्होल्टच्या आसपास दाब हवा असतो. तो नुसत्या रोधातून दिला, तर मोर्सची 'की' (टिंब-रेघा ठोकायची कळ) वर असताना प्रवाह थांबतो आणि स्क्रीनवर थेट ६०० व्होल्ट चढतात, जे तिच्या ३०० च्या मर्यादेच्या दुप्पट आहेत. म्हणून मी व्हीआर१५० आणि व्हीआर१०५ हे दोन वायूचे नियंत्रक व्हॉल्व्ह एकामागोमाग लावून २५५ व्होल्ट बांधून घेतले. १५ किलो-ओहमच्या जाड तारेच्या रोधातून त्यांना सुमारे २३ मिलिअँपिअर मिळतात. काटकसर करणाऱ्याला झेनर डायोडांची माळ लावून हेच काम स्वस्तात करता येईल, पण व्हीआर१५० चा जांभळा उजेड कीच्या ठोक्याबरोबर किंचित मंद-तेज होताना पाहिला की झेनरचा विचार मनात येत नाही. तो उजेड केवळ शोभेचा नाही, हे मला लवकरच कळणार होते.

पाय-जाळ्याचे गणित सोपे आहे. ६०० व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर धरले, तर क वर्गात (क्लास सी) चालणाऱ्या व्हॉल्व्हला भार सुमारे ३,००० ओहमचा लागतो. जाळ्याचा क्यू (गुणांक) १२ धरून ७ मेगाहर्ट्झसाठी प्लेटच्या बाजूला ९० पिकोफॅरड, अँटेनाच्या बाजूला ५४० पिकोफॅरड आणि मध्ये ६.२ मायक्रोहेन्रीची कॉइल येते. नळकामाच्या दुकानातून आणलेल्या ४० मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पीव्हीसी नळीवर साडेसोळा वेढे पाच सेंटिमीटर लांबीत ऐसपैस पसरवले की ही कॉइल तयार होते. अँटेनाच्या बाजूचा गँग (पाने फिरवून धारिता बदलता येणारा कंडेन्सर) जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला चालला, त्याचे दोन्ही भाग जोडून घेतले. प्लेटच्या बाजूला मात्र पानांमधले अंतर अधिक असलेला प्रक्षेपणाचा गँग हवा, नाहीतर लोडिंग चुकताच पानांमध्ये ठिणग्या पडतात. तसला गँग मिळवायला मला दीड महिना लागला आणि १,२०० रुपये पडले. पाच पिनांचे चिनीमातीचे सॉकेट साडेतीनशेला. गँग आणि सॉकेट दोन्ही एका ज्येष्ठ हॅमच्या अडगळीतून मिळाले, दुकानातून नव्हे.

८०७ चा खरा दुर्गुण म्हणजे त्याचा चावटपणा. प्रवर्धनशक्ती भरपूर आणि आतल्या तारा लांब, त्यामुळे ज्या पट्टीवर त्याने काम करावे असे आपल्याला वाटते तिच्या कितीतरी वर, टीव्ही-एफएमच्या भागात तो आपले स्वतःचे गाणे गाऊ लागतो. माझा संच प्रथम सुरू केला तेव्हा स्फटिक काढून घेतला, तरी ग्रिडच्या मीटरवर प्रवाह दिसत होता. घरातला साधा निऑनचा टेस्टर प्लेटच्या तारेजवळ नुसता नेला, तर तो न टेकवताच पेटला. स्फटिक खिशात आणि टेस्टर पेटलेला, म्हणजे काय चालले आहे हे सांगायला ऑसिलोस्कोप लागत नाही. उपाय सर्वश्रुत आहे, तरी मी आळस केला होता : ग्रिडच्या पिनेला अगदी लगटून ४७ ओहमचा रोध, टोपीपाशी दोन वॅटच्या कार्बन रोधावर जाड तारेचे पाच वेढे आणि काचेच्या खालच्या भागाभोवती पत्र्याचा नळकांड्यासारखा आडोसा, जो थेट चॅसिसला टेकलेला असावा. पत्रा मी तुपाच्या रिकाम्या डब्याचा कापला. तिन्ही गोष्टी केल्यावर टेस्टर विझला आणि परत पेटला नाही. हे तीन उपाय कोणी ऐच्छिक म्हणत असेल तर त्याचे ऐकू नये.

दुसरा प्रसंग पूर्णपणे माझ्या निष्काळजीपणाचा. टोपीवर बसवायची क्लिप मी फ्यूजच्या पितळी पट्टीतून वाकवून केली होती. एका संध्याकाळी की दाबली आणि प्लेटच्या मीटरचा काटा हललाच नाही. मीटर बिघडला असे समजून मी त्याच्या काचेवर टिचकी मारली, की दाबलेलीच होती. मग नजर बाजूला गेली, तर व्हीआर१५० चा जांभळा उजेड विझलेला आणि ८०७ च्या पोटात, एरवी जिथे काळोख असतो तिथे, बारीक तारांच्या लाल रेघा दिसत होत्या. क्लिप निसटून तिरपी लोंबत होती. प्लेटला दाबच नसल्यामुळे कॅथोडमधून सुटणारे सारे इलेक्ट्रॉन स्क्रीनने गोळा केले, नियंत्रकांसाठी ठेवलेला प्रवाहही तिनेच पिऊन टाकला आणि साडेतीन वॅटच्या मर्यादेची ती जाळी सहा वॅटच्या आसपास भाजत होती. की सोडली, पुरवठा बंद केला, काटा शून्यावर येईपर्यंत थांबलो. नवी, घट्ट क्लिप लावल्यावर त्याच व्हॉल्व्हने पूर्वीइतकीच शक्ती दिली. या अपघातात व्हॉल्व्ह वाचला याचे श्रेय स्क्रीनचा प्रवाह रोखणाऱ्या त्या १५ किलो-ओहमच्या रोधाला जितके, तितकेच त्याच्या घडणीला आहे.

शक्ती किती, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. एक किलो-ओहमचे दोन वॅटचे वीस रोध समांतर जोडून केलेल्या ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या चाचणीच्या भारावर) शिखरदाब ६१ व्होल्ट मोजला, म्हणजे ३७ वॅट. आत जातात ६०, बाहेर येतात ३७ आणि उरलेले २३ वॅट प्लेट सोसते, जे तिच्या २५ च्या मर्यादेत बसते. कागदावरच्या आकड्यांना अनुभवाने इतके सरळ दुजोरा देणारी वस्तू मी अलीकडे विकत घेतल्याचे आठवत नाही. हौशी रेडिओच्या निर्बंधित श्रेणीच्या परवान्याला आपल्याकडे लघुलहरींवर ५० वॅटची मर्यादा आहे, त्यामुळे हा व्हॉल्व्ह त्यासाठीच मापून घेतल्यासारखा वाटतो. परवाना नसेल, तर मात्र डमी लोडच्या पुढे जाऊ नये. अँटेना लावण्यापूर्वी मी पाय-जाळ्यापुढे एक लो-पास गाळणीही घातली, कारण जुन्या काळी एकट्या पाय-जाळ्यावर भागत असे, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या हार्मोनिकबद्दल, म्हणजे मूळ वारंवारतेच्या दुपटी-तिपटीवर निघणाऱ्या नकोशा लहरींबद्दल, आजच्या अपेक्षा अधिक कडक आहेत.

ट्यूनिंगचा अनुभव मात्र आकड्यांत मावत नाही. की दाबून प्लेटचा गँग फिरवत न्यावा, दीडशेच्या पुढे गेलेला काटा एका ठिकाणी खाली डुबकी मारतो, तिथे थांबावे, मग अँटेनाच्या गँगने थोडे लोडिंग वाढवावे, काटा वर येतो, पुन्हा डुबकी शोधावी, असे करत शंभरावर यावे. दोन्ही हात आणि डोळे गुंतलेले असताना काचेकडेही लक्ष असते. डुबकी चुकली तर प्लेट आधी मंद विटकरी आणि मग चांगली लाल दिसू लागते, आणि आपण काय चुकतो आहोत हे व्हॉल्व्ह स्वतःच दाखवून देतो. त्याला दहा सेकंद असे सोसता येते. आयआरएफ५१० सारखा मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) शे-सव्वाशे रुपयांना मिळतो, त्याच्या जोडीने इतकीच शक्ती निघते आणि त्याला ६०० व्होल्टही लागत नाहीत, पण अँटेना तुटलेली असताना की दाबली, तर तो लाल होत नाही, आवाज करत नाही, फक्त मरतो आणि आपल्याला ते नंतर कळते. मी असे सात मॉसफेट पुरले आहेत.

दोष आणखी एक, आणि तो व्हॉल्व्हचा नसून मांडणीचा. कॅथोडमध्ये की लावली तर आंदोलक आणि ८०७ एकाच वेळी चालू-बंद होतात, आणि पुरवठा थोडा जरी लवचीक असला, तरी प्रत्येक टिंबाच्या सुरुवातीला सूर किंचित घसरतो, चिमणीने चिवचिवावे तसा. आंदोलकाला वेगळ्या वाइंडिंगवरून २५० व्होल्ट दिल्यावर तो जवळपास गेला. शिवाय की उघडी असताना तिच्या दांड्यावर दाब उभा असतो, म्हणून पितळेची उघडी की थेट लावू नये. मध्ये एक छोटा रिले घालावा.

छतावरच्या उलट्या व्ही आकाराच्या डायपोल अँटेनावर, ज्याच्या दोन्ही तारा मिळून सुमारे वीस मीटर भरतात, पहिला संवाद एका संध्याकाळी केरळातल्या स्थानकाशी झाला. त्यांनी ५७९ असा अहवाल (स्पष्टता ५, जोर ७, सूर ९) दिला आणि संचाबद्दल विचारले. मी '६एजी७ ८०७' एवढेच पाठवले. पलीकडून काही क्षण काहीच आले नाही, आणि मग आपल्या तरुणपणीचा पहिला संचही हाच होता, असे त्यांनी सावकाश, एकेक अक्षर मोकळे सोडत पाठवले. मोर्समध्ये हसू ऐकू येत नाही म्हणतात, ते खरे नाही.

दुसऱ्या पर्यायांचा विचार करणाऱ्यांनी ६१४६ जरूर पाहावा. तो १९५० च्या दशकातला, आकाराने लहान, आठ पिनांच्या सर्वत्र मिळणाऱ्या बुडाचा आणि तांत्रिकदृष्ट्या अधिक सुधारलेला आहे. पण त्याची किंमत कितीतरी अधिक असते, कारण जुन्या जपानी-अमेरिकी संचांच्या दुरुस्तीसाठी त्याला मागणी आहे. ६एल६ आणि ईएल३४ यांना तर संगीतप्रेमी मंडळींनी कधीच महाग करून ठेवले आहे. ८०७ ची टोपी आणि पाच पिनांचे बूड त्यांना गैरसोयीचे वाटते, आणि तीच गैरसोय आपल्या पथ्यावर पडते.

माझा एकूण खर्च राखीव व्हॉल्व्हसह १३,००० रुपयांच्या थोडा खाली राहिला, त्यातले बाजारातल्या बाटल्यांचे नऊशे. याहून कमी पैशांत तयार किट मिळतो, जो आकाराने पुस्तकाएवढा असतो आणि अधिक पट्ट्यांवर चालतो. ज्याला लगेच हवेत यायचे आहे त्याने किट घ्यावा. ज्याला प्रक्षेपकात वीज नेमके काय करते हे डोळ्यांनी पाहायचे आहे आणि धोक्याची शिस्त पाळण्याइतका संयम आहे, त्याने ८०७ घ्यावा, पण क्रम उलटा ठेवावा : आधी ट्रान्सफॉर्मर, मग गँग, मग सॉकेट आणि सर्वात शेवटी व्हॉल्व्ह.

गेल्या महिन्यात दुसऱ्या संचासाठी सॉकेट शोधत मी पुन्हा जुन्या बाजारात गेलो होतो. त्याच विक्रेत्याला मी पाच पिनांचे बूड आहे का असे विचारले. त्याने नटबोल्टच्या डब्यातून चिनीमातीचे एक सॉकेट काढले, धोतराच्या टोकाने पुसले आणि चारशे रुपये सांगितले. बूड जवळजवळ बाटलीइतके महाग कसे, असे मी म्हटल्यावर तो म्हणाला, "बाटल्या पुष्कळ येतात हो साहेब, बुडं कोणी आणत नाही." तीनशेऐंशीला व्यवहार ठरला, आणि पिशवीत सॉकेट टाकताना त्याने ताडपत्रीच्या कोपऱ्यातून आणखी एक ८०७ उचलून त्याच्याबरोबर तशीच दिली.